व्यवस्थापनातले निर्णय आणि गणिती मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्पादन, खरेदी, साठा, मनुष्यबळ किंवा वाहतूक सांभाळणारी माणसं गणिती मॉडेलबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. शाळेतलं बीजगणित आठवत असेल तर यातलं सगळं समजेल. जिथे पैशाचे आकडे आहेत तिथे चलन कोणतंही धरा, हिशोब तोच राहतो.

गणिती मॉडेल म्हणजे नेमकं काय?

एखाद्या निर्णयाची गणितात केलेली मांडणी. तिच्यात तीन गोष्टी असतात. आपल्या हातात काय आहे: किती माल बनवायचा, किती मागवायचा, कोणत्या शिफ्टला किती माणसं ठेवायची. आपल्याला काय साधायचं आहे: नफा वाढवायचा, खर्च कमी करायचा, की ग्राहकाचा थांबण्याचा वेळ घटवायचा. आणि कशापलीकडे आपल्याला जाता येत नाही: यंत्राचे तास, गोदामातली जागा, हातातलं खेळतं भांडवल. पहिल्याला निर्णयचल म्हणतात, दुसऱ्याला उद्दिष्ट आणि तिसऱ्याला मर्यादा.

महिनाअखेरच्या अहवालाला बरेच जण मॉडेल समजतात. अहवालातून काय घडलं ते कळतं. अमुक केलं तर काय घडेल, हे सांगायला मॉडेल लागतं.

हे तंत्र नवीन आहे का?

शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन कॉल कसे येतात याचं गणित मांडलं आणि रांगांच्या अभ्यासाचा पाया घातला. एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये दिलं. सोव्हिएत संघात लिओनिद कान्तोरोविच यांच्याकडे प्लायवूड उद्योगातून प्रश्न आला होता: वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळा कच्चा माल कसा वाटावा? त्यावर त्यांनी १९३९ मध्ये जे लिहिलं ते आज आपण लिनिअर प्रोग्रामिंग म्हणून ओळखतो, म्हणजे उद्दिष्ट आणि मर्यादा साध्या सरळ समीकरणांत मांडून सर्वांत चांगलं उत्तर काढणं. असे प्रश्न पायरीपायरीने सोडवणारी जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ ची. कान्तोरोविच यांना पुढे १९७५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ कूपमन्स यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही सगळी सूत्रं कुणाच्या तरी रोजच्या कामातल्या अडचणीतून निघाली, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

सुरुवात कुठून करायची? आमच्याकडे डेटा भरपूर पडून आहे.

डेटापासून सुरुवात करू नका. निर्णयापासून करा. बहुतेक प्रकल्प इथेच भरकटतात, असं माझं ठाम मत आहे. सहा महिने डेटा गोळा होतो, साफ होतो, त्याचे सुंदर आलेख निघतात आणि शेवटी कुणीतरी विचारतं, 'बरं, मग आता करायचं काय?'

त्याऐवजी एका कोऱ्या कागदावर एवढंच लिहा: निर्णय कोणता, तो कोण घेतो, किती दिवसांनी घेतो आणि आज कशाच्या आधारावर घेतो. उदाहरणार्थ, 'दर सोमवारी खरेदी विभागप्रमुख पुढच्या आठवड्यासाठी सुट्या भागांची ऑर्डर देतात. मागच्या आठवड्याचा खप बघतात आणि अंदाजाने थोडं वाढवतात.' हे वाक्य हाती आलं की कोणता डेटा लागणार आणि कोणता लागणार नाही, हे आपोआप ठरतं. असं वाक्य लिहिताच येत नसेल, तर त्या विषयावर अजून मॉडेल करण्यासारखं काही नाही.

एखादं उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवाल का?

हो, आणि हे उदाहरण सावकाश वाचा, कारण पुढच्या अर्ध्या उत्तरांचं मूळ त्यात आहे.

एका कारखान्यात अ आणि ब अशा दोन वस्तू बनतात. अ च्या एका नगावर ४० नफा, ब च्या एका नगावर ३०. दोन्ही वस्तू कटिंग आणि फिनिशिंग या दोन विभागांतून जातात. अ ला कटिंगचे २ तास लागतात आणि फिनिशिंगचा १. ब ला दोन्हीकडे १-१ तास. आठवड्याला कटिंगचे १०० तास मिळतात आणि फिनिशिंगचे ८०.

पहिला विचार मनात येतो तो असा: अ वर नफा जास्त, मग अ च बनवूया. ५० नग होतात, कटिंगचे तास संपतात आणि नफा २००० होतो. दुसरा कुणीतरी म्हणतो, ब ला वेळ कमी लागतो. ब चे ८० नग केले तर नफा २४०० होतो. आता मॉडेल मांडू. अ चे क्ष नग आणि ब चे य नग. ४०क्ष + ३०य जास्तीत जास्त हवं. २क्ष + य हे १०० च्या आत आणि क्ष + य हे ८० च्या आत. दोन्ही विभागांचे तास पुरेपूर वापरले तर क्ष = २० आणि य = ६० येतात. नफा २६००.

२४०० वरून २६००, म्हणजे सुमारे ८ टक्के वाढ. पण मला या मॉडेलचं खरं मोल पुढच्या आकड्यांत दिसतं. फिनिशिंगचा एक तास वाढवला तर नफा किती वाढेल? २० ने. कटिंगचा एक तास वाढवला तर? १० ने. या आकड्यांना शॅडो प्राइस म्हणतात. म्हणजे फिनिशिंगमध्ये एका तासाच्या ओव्हरटाइमसाठी २० पर्यंत जादा मोजायला हरकत नाही, कटिंगमध्ये मात्र १० च्या वर गेलात तर तोटा. आणि हेही कायम खरं नाही: फिनिशिंगचे तास ८० वरून १०० पर्यंत वाढेपर्यंतच हा दर टिकतो. त्यानंतर कटिंग आडवं येतं आणि फिनिशिंगच्या पुढच्या तासाची किंमत शून्य होते. नवीन यंत्र घ्यायचं तर कुठल्या विभागासाठी, ही चर्चा एरवी विभागप्रमुखांच्या आवाजाच्या पट्टीवर ठरते. इथे तिला आकड्यांचा आधार मिळतो.

आमचे आकडे अचूक नाहीत. मग मॉडेलचा उपयोग काय?

वरच्याच उदाहरणात बघा. ब चा नफा ३० धरला, तर अ चा नफा ३० ते ६० यांच्या दरम्यान कुठेही असला तरी योजना तीच राहते: २० अ, ६० ब. अ चा नफा ४० आहे की ४७ यावर लेखा विभागाशी वाद घालत बसण्याची गरजच नाही. कोणता आकडा बारकाईने मोजायचा आणि कोणता ढोबळ चालेल, हे मॉडेलच सांगतं. याला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात. ते केल्याशिवाय कोणतंही उत्तर वरिष्ठांपुढे ठेवू नये.

हॅरिस यांच्या सूत्रातही अशीच उदारता आहे. एका वेळी किती मागवावं? वार्षिक मागणी गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले २, भागिले एक नग वर्षभर साठवण्याचा खर्च, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. समजा मागणी ३६००, ऑर्डरचा खर्च २०० आणि साठवणुकीचा ४. उत्तर ६०० नग, म्हणजे वर्षात ६ ऑर्डर. गोदामात सरासरी निम्मी ऑर्डर पडून असते असं धरलं, तर ऑर्डर आणि साठवण मिळून खर्च २४००. आता पुरवठादार ९०० नगांची गाडी भरूनच पाठवणार म्हणाला तर? खर्च २६०० होतो. ऑर्डर दीडपट झाली, खर्च मात्र ८ टक्क्यांच्या आसपासच वाढला. नेमका आकडा धरून बसण्यापेक्षा सोयीची गाडी घ्या.

सगळीच मॉडेलं इतकी सोशीक नसतात. रांगांची तर मुळीच नाहीत, ते पुढे येईलच.

मागणी दर आठवड्याला बदलते. सरासरी घेतली तर चालेल का?

नाही. सरासरी मागणी धरून केलेल्या योजनेतून सरासरी नफाही मिळत नाही, कारण मागणी कमी झाली तर माल पडून राहतो आणि जास्त झाली तरी हातातल्या मालापेक्षा अधिक विकता येत नाही. प्रकल्पांच्या वेळापत्रकात हे आणखी ठळकपणे दिसतं. १० कामं समांतर चालू आहेत, प्रत्येक वेळेत पूर्ण होण्याची शक्यता निम्मी आहे आणि सगळी संपल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही कामं एकमेकांवर अवलंबून नसतील तर पुढचा टप्पा वेळेवर सुरू होण्याची शक्यता १०२४ मध्ये १ आहे. बैठकीत प्रत्येक जण 'माझं काम साधारण वेळेत होईल' असं सांगतो, तो खरंच बोलत असतो आणि तरी प्रकल्प उशिरानेच होतो.

एकदाच मागवायचा आणि ठरावीक काळात विकायचा माल असेल, तर साधा नियम आहे. एक नग कमी पडला तर किती नुकसान आणि एक नग उरला तर किती, हे दोन आकडे काढा. कमी पडल्याचं नुकसान ९ आणि उरल्याचं ३ असेल, तर ९ ला दोन्हींच्या बेरजेने, म्हणजे १२ ने भागा: ०.७५. म्हणजे शंभरातल्या ७५ वेळा मागणी पूर्ण होईल एवढा माल ठेवा. नुकसानाचे आकडे उलटे असते तर फक्त २५ वेळा पुरेल एवढाच ठेवणं शहाणपणाचं ठरलं असतं. 'माल कधीच कमी पडता कामा नये' हे धोरण ऐकायला छान वाटतं, पण ते गणितात बसवायचं तर उरलेल्या मालाचा तोटा शून्य धरावा लागतो.

एक इशारा मात्र देतोच. विक्रीचा आकडा म्हणजे मागणी नव्हे. शेल्फ दुपारीच रिकामं झालं असेल तर त्या दिवसाची खरी मागणी नोंदवहीत कुठेच नाही. अशा नोंदींवर अंदाज बांधला की पुढच्या वेळी ऑर्डर आणखी कमी जाते, माल आणखी लवकर संपतो आणि संगणक मागणी घटल्याचं दाखवतो. माल किती वाजता संपला, एवढी एक नोंद ठेवायला सुरुवात केली तरी हे चक्र तुटतं.

आमची माणसं दिवसातला काही वेळ रिकामी दिसतात, तरी ग्राहकांना ताटकळावं लागतं. असं का?

कारण ग्राहक घड्याळ लावून येत नाहीत. एका काउंटरवर एक कर्मचारी तासाला सरासरी १२ ग्राहकांचं काम करतो असं धरू. ग्राहकांचं येणं आणि कामाला लागणारा वेळ, दोन्ही अनियमित. अशा रांगेचं सर्वांत साधं मॉडेल हे उत्तर देतं: तासाला ६ ग्राहक आले तर रांगेत सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. ९ आले तर १५ मिनिटं. १० आले तर २५. आणि ११ आले तर ५५ मिनिटं.

शेवटच्या दोन आकड्यांवर जरा थांबा. दहाचे अकरा झाले, म्हणजे गर्दी १० टक्के वाढली आणि थांबण्याचा वेळ दुपटीहून जास्त झाला. अकरा ग्राहकांच्या तासातही तो कर्मचारी सरासरी ५ मिनिटं मोकळा असतो! ही ५ मिनिटं 'वाया' जातात म्हणून त्याला आणखी काम देणारा व्यवस्थापक संपूर्ण रांग कोलमडवतो. १०० टक्के वापराचं ध्येय ठेवणारी कार्यालयं, कॉल सेंटर, दुरुस्ती विभाग सगळीकडे हेच घडतं. थोडी मोकळीक ही चोख सेवेची किंमत आहे आणि ती जाणूनबुजून मोजावी.

इथे आणखी एक सूत्र उपयोगी पडतं, जे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं: व्यवस्थेत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत घालवलेला सरासरी वेळ. दिवसाला २० अर्ज येतात आणि टेबलांवर १६० अर्ज पडून आहेत, तर एका अर्जाला सरासरी ८ दिवस लागतायत. स्टॉपवॉच घेऊन कुणामागे उभं राहायची गरज नाही.

संगणक इतके वेगवान आहेत, मग सगळे पर्याय तपासून सर्वांत चांगला का निवडू नये?

गाडीने २० ठिकाणी जाऊन परत पहिल्या ठिकाणी यायचं आहे. क्रम किती प्रकारे लावता येईल? उलटसुलट दिशा एकच धरली तरी सुमारे ६ वर १६ शून्यं इतक्या प्रकारे. सेकंदाला १ अब्ज मार्ग तपासले तरी जवळपास दोन वर्षं लागतील. ठिकाणं २५ केली तर ९८ लाख वर्षं. म्हणूनच पर्याय मोजत बसण्याऐवजी निरुपयोगी पर्यायांचे गठ्ठेच्या गठ्ठे एकदम बाजूला सारणाऱ्या पद्धती शोधल्या गेल्या.

कोणतं सॉफ्टवेअर लागतं?

सुरुवातीला एक्सेल आणि त्यातलं सॉल्व्हर पुरतं. वरचं दोन वस्तूंचं उदाहरण त्यात काही मिनिटांत सुटतं. प्रश्न मोठा झाला की पायथॉनमधलं पल्प, गुगलचं ओआर-टूल्स किंवा हाय्ज (HiGHS) ही साधनं आहेत. तिन्ही मोफत मिळतात. सॉफ्टवेअर निवडण्यात वेळ घालवू नका.

मॉडेलचं उत्तर कधीकधी अगदी विचित्र येतं. ते पाळायचं का?

लगेच पाळू नका, आणि लगेच फेकूनही देऊ नका. बहुधा तुमच्या डोक्यातली एखादी मर्यादा कागदावर उतरलेली नसते.

याचं गाजलेलं उदाहरण अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांचं. ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषक घटकांची गरज भागवणारा सर्वांत स्वस्त आहार कोणता, हा प्रश्न त्यांनी १९४५ मध्ये मांडला. अमेरिकेतल्या १९३९ च्या भावांनी त्यांचं उत्तर वर्षाला ३९.९३ डॉलर आलं. पुढे १९४७ मध्ये तोच प्रश्न सिम्प्लेक्सने सोडवला. हातयंत्रांवर आकडेमोड करायला नऊ जणांचे मिळून सुमारे १२० दिवस लागले आणि उत्तर ३९.६९ डॉलर आलं. अंदाजाने काढलेलं उत्तर नेमक्या उत्तराच्या इतकं जवळ होतं, हे कौतुकास्पदच. पण स्टिगलर यांचा आहार होता पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि घेवड्याचे दाणे. वर्षभर. चवीची आणि विविधतेची अट कुणी घातलीच नव्हती, मग गणित ती पाळणार कशी?

म्हणून विचित्र उत्तर आलं की ते प्रत्यक्ष काम करणाऱ्याला दाखवा आणि 'हे का चालणार नाही?' असं विचारा. 'त्या मार्गावर सकाळी मोठी गाडी वळत नाही', 'ते दोन रंग लागोपाठ घेतले तर यंत्र धुवावं लागतं' अशी माहिती बाहेर येते. ती मॉडेलमध्ये घाला आणि पुन्हा चालवा. चार-पाच फेऱ्यांनंतर एक तर उत्तर पटतं, किंवा जुनी सवय निव्वळ सवय होती हे लक्षात येतं.

कर्मचारी मॉडेलवर विश्वास ठेवत नाहीत. काय करावं?

त्यांना निकाल दाखवण्याआधी मर्यादा लिहिताना सोबत घ्या. ज्याच्या सांगण्यावरून एखादी अट मॉडेलमध्ये आली, तो माणूस ते मॉडेल परकं मानत नाही. आणि बदल करण्याचा अधिकार त्यांच्या हातात राहू द्या, फक्त बदल केला तर कारण नोंदवायला सांगा. त्या नोंदी म्हणजे पुढच्या सुधारणेचा कच्चा माल.

मशीन लर्निंग असताना याची गरज उरते का?

दोघांची कामं वेगळी आहेत. मशीन लर्निंग पुढच्या आठवड्याची मागणी किती असेल याचा अंदाज देतं. त्या अंदाजावरून किती मागवायचं, हे जागा, पैसा आणि नुकसानीच्या आकड्यांवर ठरतं. अंदाज सुधारला आणि निर्णयाची पद्धत जुनीच राहिली, तर हाती फारसं काही लागत नाही.

मॉडेलवर विसंबून मोठा फटका बसल्याचं उदाहरण आहे का?

आहे. लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा गुंतवणूक फंड. त्याच्या भागीदारांत मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन होते, ज्यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली आणि एरवी एकमेकांशी फारसा संबंध नसलेले बाजार एकाच दिशेने घसरले. फंडाने प्रचंड कर्ज काढून व्यवहार केले होते. शेवटी १४ वित्तसंस्थांनी मिळून सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून तो सावरला.

गणिताची पायरी चुकली म्हणून हे घडलं नाही. जोखमी एकमेकांपासून स्वतंत्र राहतील, हे गृहीतक नेमकं संकटाच्या वेळी तुटलं, आणि ते तुटलं तर काय, याला पुरेल एवढं भांडवल हाताशी नव्हतं. तुमच्या मॉडेलमधलं प्रत्येक गृहीतक एका ओळीत लिहून ठेवा आणि प्रत्येकापुढे विचारा: हे खोटं ठरलं तर आपण तगू का? ज्याचं उत्तर 'नाही' येईल, तिथे नफा थोडा सोडून गंगाजळी ठेवा.

कोणत्या निर्णयांना मॉडेल वापरू नये?

एकदाच घ्यायचा, माघार न घेता येणारा आणि ज्याची फळं मोजताच येत नाहीत असा निर्णय. भागीदार कुणाला करावं, वादग्रस्त काम स्वीकारावं का, अशा प्रश्नांना आकडे चिकटवले तर ते आधीच ठरवलेल्या उत्तराला सजवायलाच वापरले जातात. जिथे उद्दिष्टावरच एकमत नाही तिथेही आधी बोलणी, मग गणित. सरासरी थांबण्याचा वेळ कमी करायचा असं ठरवलंत तर मॉडेल सोपी कामं पुढे घेईल आणि किचकट काम आणणारा ग्राहक मागेच राहील. हे मान्य आहे का, याचा निर्णय माणसांनीच घ्यायचा असतो.

मॉडेल जुनं झालं हे कसं ओळखायचं?

दर वेळी मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी-शेजारी लिहा आणि फरक बघा. फरक कधी वर, कधी खाली असेल तर काळजी नको. सलग सात-आठ वेळा एकाच बाजूला पडत असेल तर आतलं काहीतरी बदललंय: दर, पुरवठ्याला लागणारा वेळ किंवा ग्राहकच. दुसरी खूण म्हणजे कर्मचाऱ्यांनी केलेले बदल वाढत जातात आणि कारणांच्या रकान्यात तेच कारण वारंवार येतं. तिसरी, मॉडेल बनवणारा माणूस सोडून गेला आणि त्यातला एखादा आकडा कुठून आला हे आता कुणालाच सांगता येत नाही. तसं असेल तर ते वापरणं थांबवा, निर्णयाचं ते एका वाक्यातलं वर्णन पुन्हा काढा आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याचा उगम आणि तारीख लिहीत नव्याने मांडा.